‘येते’चं इंग्रजी

आधी क्रियापद सांगते, म्हणजे विभाला बरं वाटेल. गेली. विभा टिपणीस गेली, गेल्या वर्षी दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत, इथे पनवेलमध्येच. आता यापुढे मी कितीही पाल्हाळ लावलं तरी तिची हरकत नसेल. "बातमी सांगताना आधी क्रियापद द्यावं, सुमे. बाकी सगळी आरास," असं ती म्हणायची. मी पडले मराठीची मास्तरीण. मी म्हणायचे, "बये, आमच्यात क्रियापद शेवटी येतं. तोवर दम धरायला शिक." शाळेच्या स्टाफरूममध्ये सुरू झालेलं हे भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही, आणि आता एकटीनं भांडायचं तर त्यात काही मजा नाही.

ती इंग्रजी शिकवायची, मी मराठी. पोरांच्या दृष्टीनं आम्ही दोघी सारख्याच खडूस, पण माझ्या खडूसपणाला आवाज होता आणि तिच्या खडूसपणाला बोट. कुणी चुकलं की ती ओरडायची नाही, वहीत लाल रेघा मारायची नाही. उजव्या हाताचं पहिलं बोट वर करून हवेत गोल फिरवायची. म्हणजे, पुन्हा म्हण. पोरगा पुन्हा म्हणायचा. पुन्हा चुकलं की बोट पुन्हा फिरायचं. बरोबर येईपर्यंत ते बोट थांबायचं नाही, आणि तिच्या चेहऱ्यावर राग म्हणाल तर अजिबात नाही. रागावली असती तर पोरं सुटली असती. त्या बोटातून सुटका नव्हती.

अंगानं काटकुळी, साडी कडक स्टार्चची, आणि पर्समध्ये कागदाच्या पुडीत खडूचे तुकडे. चहा बशीत ओतून प्यायची. "इंग्रजीची बाई आणि बशीत चहा?" असं मी चिडवलं की म्हणायची, "बशी त्यांनी नुसती कपाखाली ठेवायला केली असेल, असं मला वाटत नाही." भाषा जिभेवर असावी, वागण्यात नसावी, असं काहीसं तिचं मत होतं. लग्नपत्रिका हातात पडली की आधी इंग्रजीतल्या चुका शोधायची, मग नवरा-नवरीची नावं वाचायची.

तिच्या त्या क्रियापदाचा मात्र सगळ्या आळीनं धसका घेतला होता. एकदा नळ फुटला म्हणून तिनं प्लंबरला फोन लावला. तो सुरू झाला, "मॅडम, काय झालं म्हाईत हाय का, मी निघालोच होतो, तर मेव्हण्याचा फोन आला, त्याच्या गाडीचा..." 

"क्रियापद सांग," विभा म्हणाली.

"आँ?"

"येणार, की नाही येणार?"

"नाय येत, मॅडम."

"थँक यू," म्हणून तिनं शांतपणे फोन ठेवला. पुढच्या वेळी तो शहाणा झाला. फोन उचलल्या उचलल्या म्हणाला, "मॅडम, क्रियापद सांगतो. उद्या." मग ‘उद्या’ हे क्रियापद नाही, हे त्याला समजावण्यात हिचा अर्धा तास गेला, आणि नळ वाहतच राहिला. मी तिथेच होते. पोट धरून हसले होते.

हे सगळं आधीचं. तिचा निनाद होता तेव्हाचं.

नवरा निनादच्या लहानपणीच आजारपणात गेलेला. घरात सासू, मुलगा आणि ही. मुलाचं इंग्रजी चांगलं व्हावं म्हणून हिनं घरात कायदा केला होता. सकाळी डोळे उघडल्यापासून दाराबाहेर पाऊल पडेपर्यंत निनादनं इंग्रजीतच बोलायचं. पोरगं गोड होतं. कायदा पाळायचं, पण आपल्या पद्धतीनं. आजीला म्हणायचा, "आजी, प्लीज गिव्ह मी वन मोअर थालीपीठ." आजी म्हणायची, "मेल्या, गिव्ह म्हणतोस की गिळतो म्हणतोस?" आणि वाढायची.

आता आपल्याकडे घराबाहेर पडताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही. ‘येतो’ म्हणतात. दारात चप्पल घालता घालता तोंडून ‘जातो’ निघून गेलं तर आतून कुणीतरी खेकसतंच, "येतो म्हण!" या आजीबाईंनी ते नातवाला बोलायला लागल्यापासून शिकवलं होतं. त्यामुळे दारापाशी आल्यावर निनादला दोन कायदे एकदम पाळायला लागायचे, आजीचा आणि आईचा. तो दोन्ही पाळायचा. बॅग खांद्यावर टाकून मोठ्यानं म्हणायचा, "आई, आय अ‍ॅम कमिंग!" आणि जिना उतरायला लागायचा.

विभाला हे सहन व्हायचं नाही. "कमिंग काय? चालला आहेस ना? गोइंग म्हण." आतून बोट फिरायचं. पण तोवर हा खालच्या मजल्यावर. बोट कुणी बघायचंच नाही.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला त्याला एका कंपनीचा इंटरव्ह्यू आला, खोपोलीच्या बाजूला. सकाळी मोटरसायकलवर निघाला. दारात नेहमीप्रमाणे म्हणाला, "आय अ‍ॅम कमिंग, आई." त्या दिवशी मात्र ही जिन्यापर्यंत गेली. तिथे साहेबांसमोर असं बोलशील का, म्हणून तिनं त्याला थांबवलं. तो हसत होता. हिचं बोट फिरत होतं. शेवटी दोन पायऱ्या परत वर येऊन तो म्हणाला, "आय अ‍ॅम गोइंग, आई. गोइंग. ओके?" बोट थांबलं. तो गेला.

त्यानंतर ती शाळेत आली. मधल्या सुट्टीच्या आधी तिचा फोन वाजला तेव्हा मी तिच्या शेजारच्याच खुर्चीवर सहामाहीचे पेपर तपासत बसले होते. पलीकडचा माणूस इतक्या मोठ्यानं बोलत होता की मलाही ऐकू येत होतं. "मॅडम, पळस्पे फाट्यावरना बोलतो. तुमी घाबरू नका. इथं एक ट्रेलर हाय, चूक त्या ट्रेलरवाल्याचीच हाय, आमी पोराला लगेच उचलून..."

"क्रियापद सांगा," विभा म्हणाली. सवयीनं म्हणाली. मला अजून वाटतं, तिला स्वतःलाही कळलं नसेल आपण काय म्हणालो ते.

"काय म्हनता मॅडम?"

"काय झालं ते एका शब्दात सांगा."

"गेला, मॅडम," तो म्हणाला.

तिनं आधी लाल पेनाला टोपण लावलं. मग फोन पेपरांच्या गठ्ठ्यावर ठेवला. मग माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी लिहिणार नाही.

विभा परत शाळेत आली नाही. नोकरीला रामराम ठोकला. सासूबाई वर्षभरात गेल्या. घर गप्प झालं. मी संध्याकाळी तिच्याकडे जाऊन बसायचे. ती बोलायची नाही, मी बडबड करायचे. एकदा, बऱ्याच महिन्यांनी, मी निघताना चपला घालत होते तेव्हा ती म्हणाली, "तो ‘येतो’ म्हणून गेला असता ना सुमे, तर मला निदान वाट बघता आली असती. वेड्यासारखी का होईना, बघितली असती. ते मीच त्याच्या तोंडून काढून घेतलं."

मला संताप आला. तिचा नाही, आणखी कशाचा तरी. मी म्हटलं, "शब्दांनी ट्रेलर थांबतात का गं विभा? तू शिकलेली बाई. काहीतरी बोलू नकोस."

"नाही थांबत. ते मला कळतं," ती म्हणाली. "पण शेवटचा शब्द मी दुरुस्त केला. तो बरोबर होता, आणि मी दुरुस्त केला."

मी दुसरी चप्पल घातली आणि निघाले.

त्या शांततेला कंटाळून तिनं हॉलमध्ये क्लास काढला, इंग्रजी बोलण्याचा. खाली फरसाणाचं दुकान, वर आमचा क्लास. आमचा म्हणते, कारण रिटायर झाल्यावर मीही तिथे हजेरी घ्यायला आणि चहा टाकायला जायला लागले. जवळच्या नव्या विमानतळावर नोकऱ्या निघणार म्हणून आजूबाजूच्या गावांतली पोरं यायला लागली होती. कुणी उलव्याचं, कुणी थेट करंजाचं. करंजाच्या एका मुलीची आई पिशवी भरून सोडे पाठवायची, आणि मग आठवडाभर आमच्या व्याकरणाला सुक्या कोळंबीचा वास यायचा. विभा पहिल्यासारखीच शिकवायची. बोट पहिल्यासारखंच फिरायचं. कुणाला वाटलं असेल, बाई सावरली.

फक्त क्लास सुटताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पोरं बॅगा उचलून दारापाशी आली आणि एकेक जण सांगायला लागला, "मॅम, आय अ‍ॅम कमिंग." "आय अ‍ॅम कमिंग, मॅम." घरी ‘येतो’ म्हणायची सवय. तेच इंग्रजीत उतरवलेलं. मी किचनच्या दारातून बोटाकडे बघत होते. बोट हललं नाही. विभा प्रत्येकाला म्हणत होती, "कम." सगळी उतरून गेली आणि जिन्यात ‘कमिंग, कमिंग’ असा कलकलाट झाला. खालचे फरसाणवाले कांतीभाई रोज हसायचे.

मी काही दिवस गप्प बसले. पण माझा स्वभाव. त्यातून एक मुलगा विमानतळाच्या इंटरव्ह्यूला जाऊन आला. सगळं उत्तम झालं म्हणाला, पण उठताना मी ‘सर, आय अ‍ॅम कमिंग’ म्हटलं तर सर म्हणाले, ‘मग बसा की.’ म्हणून मी परत बसलो. मग ते म्हणाले, ‘आता काय?’ सगळा वर्ग हसला, विभाही हसली. दुरुस्त मात्र केलं नाही. मी तिला आत गाठलं. "विभा, हे बरं नाही. विश्वासानं येतात पोरं. एवढी एक चूक ठेवून कशी पाठवतेस?"

"बाकी सगळं शिकवते ना? हे एक राहू दे," ती म्हणाली. आणि नंतर वकिलासारखी पुरावे गोळा करायला लागली. ती हरायला लागली की असंच करायची. दिसेल त्याला विचारायची, तुमच्या घरी बाहेर पडताना काय म्हणतात? कांतीभाई म्हणाले, आम्ही जाणाऱ्याला ‘आवजो’ म्हणतो, या म्हणतो. शेजारच्या बिल्डिंगमधली मल्याळी लिजी म्हणाली, आमच्यात ‘पोयिट्टु वराम’, जाऊन येते. क्लासमधला अझीम म्हणाला, "हमारे में चलते हैं बोलते, मॅम. जाते हैं बोला तो अम्मी डाँटती." बंगाली मिठाईवाल्याकडे तर ती मुद्दाम गेली. त्यांच्यात नुसतं ‘आशि’, म्हणजे ‘येतो’. विभा विजयी चेहऱ्यानं परत आली. संदेश मिठाईचा बॉक्सही आणला होता.

"बघ," ती म्हणाली. "सगळ्यांना भीती वाटते. सगळे जाण्याचं नाव घेत नाहीत. फक्त इंग्रजीत माणूस उंबऱ्यावर उभा राहून सरळ ‘गोइंग’ म्हणतो. आणि मेलेल्या माणसालाही तेच क्रियापद, ‘गॉन’. त्यांच्या आयांना कसं चालतं गं हे?"

"त्यांच्या दारात आज्या उभ्या राहत नसतील," मी म्हटलं.

ती हसली, आणि तो विषय तेवढ्यावर राहिला. मीही पुढे रेटला नाही. तिला त्या एका चुकीत काहीतरी धरून ठेवायचं होतं, आणि मला ते दिसत होतं. रोज संध्याकाळी वीस-पंचवीस पोरं तिला ‘येते, येतो’ म्हणून जिना उतरत होती, आणि दुसऱ्या दिवशी खरंच परत येत होती. तेवढ्यावर ती जगत होती. आता ते काढून घ्यायचं तर कुणी काढायचं?

प्रांजल घरत ही गव्हाणची. वडिलांचं पूर्वी मिठागर होतं, आता डंपर आहेत. पोरगी नर्सिंग शिकली आणि इंग्लंडला जायचं तिनं मनावर घेतलं. वडील स्वतः तिला घेऊन आले होते. हॉलमध्ये चपला हातात घेऊन उभे राहिले. "बाई, आमी पोरीला तिकडं धाडतो. तिला तिथलं बोलनं शिकवा. ती एकली हाय, तिथं आपलं कुनी नाय." विभानं त्यांना आधी बसवलं. प्रांजलवर तिनं जीव लावला. पोरगी हुशार, आणि बोट फिरलं की हिरमुसायची नाही, उलट हसायची. जायच्या आदल्या दिवशी पाया पडायला आली. दारात डोळे पुसत म्हणाली, "टीचर, आय अ‍ॅम कमिंग."

विभानं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "कम," म्हणाली. मी चहाचं आधण उगाचच ढवळत राहिले.

प्रांजलला तिथे म्हाताऱ्या माणसांच्या एका आश्रमात नोकरी लागली. अधूनमधून दुपारी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. एका दुपारी अशीच बोलत होती, थंडी, भाड्याची खोली, भात कसा चिकट होतो, वगैरे. मी मागे बसून भाजी निवडत होते. मग म्हणाली, "टीचर, एक गंमत सांगते. माझ्याकडे एक आजी आहे. मी ड्यूटी संपली की तिला सांगायचे, आय अ‍ॅम कमिंग. आपल्यासारखं. तर ती म्हातारी काय करायची, मी गेले की खुर्ची दाराकडे फिरवून घ्यायची आणि बसून राहायची. जेवायला बोलावलं तरी उठायची नाही. म्हणायची, ती येते म्हणालीय. सगळ्यांना वाटलं, डोक्यात फरक पडलाय. मग सिस्टरनं मला विचारलं, तू घरी जाताना तिला येते म्हणून का सांगतेस? तेव्हा माझी ट्यूब पेटली. तुम्ही कधी सांगितलंच नाही हो, टीचर."

ती हसत होती. विभा हसली नाही.

"किती वेळ बसायची ती?" विभानं विचारलं.

"खुर्चीतच झोप लागायची तिला. आता मी नीट सांगते, टीचर. आय अ‍ॅम गोइंग, सी यू टुमारो. आता ती जेवते."

विभानं फोन ठेवला आणि बराच वेळ मेथीच्या जुडीकडे बघत बसली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "मला वाटायचं, वाट बघायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे. त्या वाट बघण्यासाठी मी तळमळले, सुमे. आणि तेच एका म्हातारीला नको असताना दिलं. उपाशी बसवली तिला." 

मी म्हटलं, "तू कुठे बसवलीस? पोरगी चुकली, तिनं सुधारलं. झालं." पण माझा आवाज मलाच खोटा वाटत होता.

दुसऱ्या दिवशी क्लास नेहमीसारखा झाला. शेवटी तिनं फळ्यावर लिहिलं, ‘आय अ‍ॅम गोइंग.’ खडू दाबून लिहिला, तुकडा पडला. म्हणाली, "आजवर मी एक चूक चालवून घेतली. निघताना हे म्हणायचं." मग स्वतः दारात जाऊन उभी राहिली. एकेक जण पुढे आला. पहिल्या मुलीच्या तोंडून सवयीनं ‘कमिंग’ निघालं. बोट फिरलं. निनाद गेल्यापासून दारात ते पहिल्यांदा फिरलं. मुलगी म्हणाली, "आय अ‍ॅम गोइंग, मॅम."

"गो," विभा म्हणाली.

असं प्रत्येकाला. मी किचनच्या दारात उभी होते. अझीमची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, "मॅम, हे बोलायला बरं नाही वाटत." बोट फिरलं. त्यानं मान खाली घालून म्हटलं. "गो," ती म्हणाली. शेवटचा मुलगा उतरला. जिन्यात कलकलाट झाला नाही, नुसत्या चपलांचा आवाज आला. विभा चपलांच्या रॅकवर तशीच बसली. त्या रॅकच्या खालच्या खणात निनादचे सॅंडल होते, ते तिनं कधी हलवले नव्हते. मी जवळ गेले. ती म्हणाली, "सुमे, आज सगळे गेले." आणि माझ्या पदरात तोंड खुपसून रडली. पळस्प्याच्या त्या फोननंतर मी तिला पहिल्यांदा रडताना बघितलं.

ते सॅंडल पुढच्या रविवारी तिनं कांतीभाईंच्या दुकानातल्या कामगाराला दिले. त्याला एक नंबर मोठे झाले. तो पुढे कागद घालून वापरायचा.

त्यानंतर ती हलकी झाली, असं मी म्हणणार नाही. गोष्टीतल्या बायका होतात. विभा फक्त खरं बोलायला लागली. आमच्या निरोपातही. मी रोज "येते गं" म्हणून निघायचे, आणि ती म्हणायची, "जा नीट." पूर्वी ‘ये’ म्हणायची. मला ते टोचायचं. एकदा मी भांडलेही. "तुझं इंग्रजी तुझ्यापाशी ठेव. मला मराठीत ‘ये’ म्हण."

"उद्या येशील तेव्हा ये म्हणेन," असं म्हणून तिनं दार लावलं.

गणपती उठले आणि तिला जिना चढताना धाप लागायला लागली. हृदयाची झडप खराब झाली होती, आणि डॉक्टर ऑपरेशन करा म्हणाले. आदल्या संध्याकाळी डॉक्टर येऊन इंग्रजीत भरपूर बोलले, टक्के, शक्यता, वय. विभानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अँड द वर्ब, डॉक्टर?" बिचारे गोंधळले. माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "त्या विचारतायत, जगणार की नाही." ते म्हणाले, "वुई विल ट्राय." विभानं मान डोलावली. उत्तर प्रामाणिक होतं, असं नंतर मला म्हणाली.

सकाळी तिला न्यायला आले. हिरवा गाऊन, केस टोपीत, टिकली काढलेली. ती कधी एवढी लहान दिसली नव्हती. मी ट्रॉलीच्या बाजूनं चालत होते. आत सोडणार नव्हते, काचेच्या दारापर्यंतच. तिथे वॉर्डबॉय थांबला. म्हणाला, "बोलून घ्या, मावशी."

विभा म्हणाली, "जाते गं."

जन्मभर तिला हसणारी मी, शब्दांनी ट्रेलर थांबतात का म्हणणारी मी, तिचा हात घट्ट धरून म्हणाले, "येते म्हण. मुकाट्यानं येते म्हण, विभा."

"नको," ती म्हणाली. "तू खुर्ची दाराकडे फिरवून बसशील. जेवायची नाहीस. मी ओळखते तुला. जाते. तू आता ‘जा’ म्हण."

मी म्हटलं, "ये."

उशीवर मान तशीच ठेवून तिनं उजव्या हाताचं बोट वर केलं आणि हवेत गोल फिरवलं. पुन्हा म्हण.

मला दिसत होतं की ती कशासाठी मागतेय. निनादला तिनं जाण्याचाच शब्द म्हणायला लावला होता; तोच आता कुणीतरी तिला द्यायला हवा होता, सरळ, न घाबरता. मी शब्द तोंडापर्यंत आणला. "ये," मी म्हटलं.

वॉर्डबॉयनं ट्रॉली ढकलली. काचेचं दार उघडलं. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, पायाकडची पांढरी चादर आणि वर उचललेला हात तेवढा दिसत होता. सलाइनची सुई टोचलेला तो हात. बोट फिरत होतं. मी मोठ्यानं म्हटलं, "ये, विभा." आजूबाजूच्या लोकांनी वळून बघितलं. बोट थांबलं नाही. दार मिटलं, आणि काचेतून, कॉरिडॉरच्या वळणापर्यंत, ते फिरताना मला दिसत होतं.

मग मी बाकावर जाऊन बसले. दाराकडे तोंड करून.